रात्रीचा पहारा

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्याकडे एक चमत्कारिक स्पर्धा सुरू होते. अमक्याच्या खोलींतला दिवा रात्रीं एकपर्यंत जळत होता, तमका तर दोनच्या आधीं निजतच नाहीं, अशा वार्ता शेजाऱ्यापाजाऱ्यांत मोठ्या कौतुकानें सांगितल्या जातात. आणि जो मुलगा साडेनवास अंथरूण धरतो त्याच्या आईबापांस आपल्या कुळाला कांहीं बट्टा लागला कीं काय, असें वाटूं लागतें. रात्र ही जणूं परमेश्वरानें मनुष्यास दिलेली बिनव्याजी उचल आहे, दिवसा जें साधलें नाहीं तें तिच्या खात्यावर लिहावें आणि परतफेडीची चिंता करूं नये, अशी ही समजूत आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. तिच्याविरुद्ध आम्ही येथें एक साक्षीदार उभा करणार आहों. साक्षीदार अगदींच लहान आहे; त्याची लांबी अडीच-तीन मिलिमीटरांहून अधिक नाहीं, आणि ज्या घरांत केळीं फाजील पिकलीं आहेत तेथें तो न बोलावतां हजर होतो.

हा साक्षीदार म्हणजे फळमाशी. कोंकणांतील आंबा-बागाईतदार जिच्या नांवानें बोटें मोडतात ती ही नव्हे. ती जात निराळी. ती चांगल्या फळाच्या सालींत अंडीं घालून सबंध फळ नासविते. आमची माशी त्या मानानें गरीब आहे. जें फळ आधींच आंबूं लागलें आहे त्याच्यावर ती आपली उपजीविका करते. शास्त्रज्ञ तिला ड्रोसोफिला म्हणतात. हें नांव १८२३ मध्यें ठेवलें गेलें आणि ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ दंवावर प्रेम करणारी असा होतो. नांव मोठें समर्पक आहे. कारण ही माशी कोशांतून बाहेर पडते ती बहुधा पहाटेच्या सुमारास, हवेंत ओलावा असतांना. कोवळे पंख नीट उलगडण्यापूर्वींच वाळून जाऊं नयेत म्हणून ही योजना. आणि नवलाची गोष्ट ही कीं, कोश काळोखांत ठेवले तरी आंतल्या माश्या आपली वेळ साधून बाहेर पडत राहतात.

काळोखांतल्या माशीस पहाट झाल्याचें कोण सांगतें? असाच प्रश्न पूर्वीं वनस्पतींविषयीं विचारला गेला होता. फ्रान्समधील द मेरां नांवाच्या ज्योतिर्विदानें १७२९ मध्यें लाजाळूच्या जातीचें एक झाड काळोखांत कोंडून ठेवलें. सूर्याचें दर्शन नसतांही त्याचीं पानें दिवसा उघडत आणि रात्रीं मिटत राहिलीं. म्हणजे वेळ केवळ बाहेरून कळत नसून आंतूनही कळते. परंतु हें आंतलें घड्याळ कशाचें घडविलेलें, त्याचीं चाकें कोठें बसविलेलीं, याचा पहिला धागा हातीं लागण्यास पुढें जवळजवळ अडीचशें वर्षें जावीं लागलीं. आणि तो धागा दाखविला तो या केळ्यावरच्या माशीनें.

१९७१ सालीं कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत प्राध्यापक सीमोर बेंझर आणि त्यांचे विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का यांनीं तीन तऱ्हांच्या बिघडलेल्या माश्या जगापुढें मांडल्या. एकीचा दिवस १९ तासांचा. दुसरीचा २८ तासांचा. आणि तिसरीच्या ठायीं दिवस-रात्र हा भेदच उरला नव्हता, ती केव्हांही उठे व केव्हांही निजे. विशेष हें कीं, तिन्ही बिघाड एकाच जनुकांतले होते. (याच बेंझर यांच्याबरोबर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील ओबैद सिद्दिकी यांनीं माश्यांच्या मज्जातंतूंवर काम केलें आणि कुलाब्यास या माशीच्या अभ्यासाची परंपरा रुजविली, ही गोष्ट येथें अभिमानानें नमूद करावीशी वाटते.) त्या जनुकास पीरियड असें नांव मिळालें. पुढें जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांनीं त्या घड्याळाचीं चाकें एकामागून एक उलगडून दाखविलीं व २०१७ चें नोबेल पारितोषिक मिळविलें.

हें घड्याळ कसें चालतें तें समजावून देण्यास आपल्या जुन्या घटिकापात्रासारखी दुसरी उपमा नाहीं. लग्नघरीं पाण्यानें भरलेल्या घंगाळांत, तळाशीं बारीक भोंक असलेली वाटी तरंगत ठेवीत. वाटींत हळूहळू पाणी भरे. भरतां भरतां ती जड होऊन बुडे. एक घटका झाली असें जोशीबुवा सांगत आणि वाटी रिकामी करून पुन्हां सोडीत. माशीच्या पेशींत पाण्याच्या जागीं एक प्रथिन असतें. पीरियड जनुकाच्या आज्ञेनें तें तयार होतें, रात्रीं सांचत जातें, टाइमलेस नांवाच्या दुसऱ्या प्रथिनाचा हात धरून पेशीच्या केंद्रांत शिरतें, आणि तेथें जाऊन आपल्याच जनुकाचें तोंड बंद करतें. मग नवें प्रथिन होत नाहीं. जुनें हळूहळू नष्ट होतें. आणि बंद तोंड पुन्हां उघडतें. ही एक फेरी सुमारें चोवीस तासांची. वाटी उचलून पुन्हां सोडणारा जोशी येथें कोणी नाहीं, एवढाच फरक. सकाळचा उजेड टाइमलेस प्रथिनाचा नाश करतो, आणि त्यामुळें हें घड्याळ रोजच्या रोज सूर्याशीं लावून घेतलें जातें. टाइमलेसचा शोध १९९४ मध्यें जाहीर झाला. त्यांत दिल्लींत शिकलेल्या अमिता सेहगल यांचा मोठा वाटा होता. त्यांचें नांव पुढें आणखी एकदां येणार आहे.

जातां जातां वामकुक्षीच्या अभिमान्यांस एक शुभवार्ता सांगून ठेवितों. ही माशी सकाळ-संध्याकाळ कामांत गर्क असते, आणि भर दुपारीं बिनदिक्कत विश्रांति घेते. असो.

आतां पहारेकऱ्यांकडे वळूं. माशीला आपल्यासारखी प्रतिद्रव्यें तयार करतां येत नाहींत; देवीची लस टोंचून तिला कांहीं शिकवितां येत नाहीं. तरी ती कुजक्या फळांवर, जंतूंच्या आणि बुरशीच्या राज्यांत, आपलें आयुष्य सुखानें काढते. तिच्याजवळ दोन शस्त्रें आहेत. रक्तासारख्या द्रवांत फिरणाऱ्या कांहीं पेशी आलेल्या जंतूस सरळ गिळून टाकतात. आणि आपल्या यकृताशीं ज्याची तुलना करतां येईल अशा तिच्या एका चरबीच्या अवयवांतून जंतुनाशक द्रव्यें रक्तांत सोडलीं जातात. १९९६ मध्यें फ्रान्सांतील स्ट्रासबूर्ग येथें झूल ऑफमन यांच्या प्रयोगशाळेनें दाखविलें कीं, टोल नांवाचें एक जनुक बिघडलें असल्यास माशीला बुरशीपासून आपला बचाव करतां येत नाहीं. दोनच वर्षांनीं अमेरिकेंत ब्रूस बॉयटलर यांस उंदरांत त्याच घराण्यांतलें जनुक सांपडलें, आणि तसलींच जनुकें तुमच्या-आमच्या शरीरांतही आहेत. २०११ चें नोबेल पारितोषिक या दोघांस मिळालें. तिसरे मानकरी रॅल्फ स्टाइनमन यांचें निधन जाहीर घोषणेच्या तीनच दिवस आधीं झालें होतें.

घड्याळ निराळें आणि पहारा निराळा, असें पुष्कळ दिवस समजलें जात होतें. एका गल्लींतले घड्याळजी आणि दुसऱ्या गल्लींतले शिपाई. या दोन गल्ल्यांमधली भिंत पाडली ती २००७ मध्यें स्टॅनफर्ड विद्यापीठांतील डेव्हिड श्नायडर यांच्या प्रयोगशाळेंत, मिमी शिरासू-हिझा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं. त्यांची रीति समजून घेण्याजोगी आहे. एक माशी एका बारीक कांचेच्या नळींत ठेवावयाची. एका टोंकाला खाणें, दुसऱ्या टोंकाला बूच. नळीच्या मध्यावरून डोळ्यांस न दिसणाऱ्या किरणांची एक आडवी रेघ जाते, आणि माशीनें ती ओलांडली कीं यंत्र एक आंकडा मांडतें. अशा रीतीनें माशी केव्हां हिंडली व केव्हां निजली याची खतावणी आपोआप तयार होते. निरोगी माशीची खतावणी कशी, तर शिस्तींतल्या वाण्याच्या वहीसारखी. पण बारीक सुई जंतूंत बुडवून तिला टोंचतांच ती वही विसकटली. दिवसाची हालचाल दिवसांत राहिली नाहीं, रात्रीची झोंप रात्रींत राहिली नाहीं. रोगानें घड्याळच बिघडविलें.

मग त्यांनीं प्रश्न उलटा फिरविला. घड्याळ आधींच बिघडलेलें असेल तर? पीरियड किंवा टाइमलेस जनुक ज्यांत नाहीं अशा माश्या घेतल्या व त्यांस न्युमोनियाचा जंतु टोंचला. त्या धडधाकट माश्यांहून लौकर मेल्या. लिस्टेरिया नांवाच्या जंतूच्या बाबतींतही तेंच झालें. येथें क्षणभर थांबून पाहावें. रोग घड्याळास मोडतो, आणि मोडलेलें घड्याळ रोगास वाट करून देतें. एकीकडून बांध फुटला कीं दुसरीकडला आपोआप ढिला होतो. हें ज्याच्या ध्यानांत आलें त्याला घड्याळ व पहारा या दोन गोष्टी आहेत असें म्हणणें जड जाईल.

दुसऱ्याच वर्षीं, २००८ मध्यें, न्यू जर्सींतील रटगर्स विद्यापीठांत याहून साधा, आणि आमच्या मतें याहून सुंदर, प्रयोग झाला. जंतु तोच, सुई तीच, माश्यांची जातही तीच. फक्त टोंचण्याची वेळ निरनिराळी. ज्यांस दिवसा टोंचलें त्यांपेक्षां ज्यांस मध्यरात्रीच्या आगेंमागें टोंचलें त्या माश्या अधिक तगल्या. ज्यांचें घड्याळच बंद होतें त्या माश्यांत मात्र हा भेद दिसेना. त्यांना सगळ्या वेळा सारख्याच. २०१२ मध्यें शिरासू-हिझा यांच्याच मंडळीनें यांतलें एक कारण उघड केलें: जंतु गिळणाऱ्या पेशींचा जोर टाइमलेसवर अवलंबून असतो, आणि तो रात्रीं वाढतो. ज्या वेळीं माशी निजलेली असते त्या वेळीं तिचा पहारा सर्वांत जागा असतो. ज्या पेशी गिळण्याचें काम करतात त्यांस जास्त मदत करावी म्हणून शरीर आपला खर्च रात्रीं दुसरीकडून कमी करीत असावें, असें आमचें अनुमान आहे. दिवसा उडणें, खाणें, भांडणें यांतच पुष्कळ शक्ति जाते. अनुमान चुको वा टिको, प्रयोगाचा निकाल आपल्या जागीं आहे.

झोंपेबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण घड्याळ व झोंप एकच नव्हेत. घड्याळ केव्हां निजावें तें सांगतें. किती निजावें याचा हिशेब दुसरीकडे ठेवला जातो. पेन्सिल्व्हानिया विद्यापीठांत ज्युली विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० च्या सुमारास दाखविलें कीं, कांहीं जंतूंचा संसर्ग झाल्यावर माशी नेहमींपेक्षां अधिक निजते. २०१४ मध्यें त्यांनीं पुढचें पाऊल टाकलें: संसर्गानंतर जी माशी अधिक निजते ती अधिक जगते. या प्रयोगांत एक गोष्ट आमच्या पक्षास थोडी अडचणीची आहे, ती लपविणें बरें नव्हे. कांहीं माश्यांस संसर्गापूर्वीं मुद्दाम जागें ठेवलें होतें, आणि त्याही चांगल्या जगल्या. रात्रीं जागणारे विद्यार्थी हें वाचून टाळ्या वाजवितील. परंतु त्यांनीं पुढची ओळही वाचावी. त्या माश्या जगल्या त्या जाग्या राहिल्या म्हणून नव्हे. थकल्यामुळें संसर्गानंतर त्या गाढ व पुष्कळ वेळ निजल्या आणि त्यांना कोणीं उठविलें नाहीं, म्हणून. परीक्षेच्या जागरणानंतर आमच्या मुलांस सकाळीं पांच वाजतां गदागदा हालविणारी आई असते, ती माशीला नसते.

आणि २०१९ मध्यें अमिता सेहगल यांच्या प्रयोगशाळेंतून जें बाहेर आलें तें तर कथेंत शोभण्यासारखें आहे. झोंप आणणारें जनुक शोधतां शोधतां त्यांना एक असें सांपडलें कीं, तें जोरांत चालविलें असतां माशी गाढ निजते. त्यापासून होणारें द्रव्य मेंदूंतल्या अगदीं थोड्या पेशींत तयार होतें. तपासून पाहतां तें द्रव्य जंतूंस मारणारेंही निघालें! त्यास जपानी भाषेंतला झोंप या अर्थाचा नेमुरी हा शब्द नांव म्हणून दिला आहे. ज्या माश्यांत नेमुरी नाहीं त्या लहानशा धक्क्यानेंही जाग्या होतात, आणि आजारी पडल्यावर पुरेशा निजत नाहींत. म्हणजे औषध आणि अंगाई, दोन्ही एकाच बाटलींत. आजारी माणसाला उठवूं नये, असें आमच्या आज्या सांगत. त्यांना नेमुरीचें नांव ठाऊक नव्हतें. पण उशाशीं बसून त्यांनीं जें पाहिलें होतें तें खोटें नव्हतें.

येथें कोणी विचारील, आणि विचारावेंच, कीं माशी कोठें आणि माणसाचें मूल कोठें? आक्षेप रास्त आहे. माशीचा पहारा रात्रीं कडक असतो म्हणून मनुष्याचाही रात्रींच असला पाहिजे, असें आम्ही म्हणत नाहीं. उलट, इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें ६५ वर्षांवरील २७६ स्त्री-पुरुषांस इन्फ्लुएंझाची लस टोंचून पाहिली, तेव्हां सकाळीं ९ ते ११ मध्यें टोंचलेल्यांच्या रक्तांत, दुपारीं ३ ते ५ मध्यें टोंचलेल्यांपेक्षां, तीनपैकीं दोन जातींच्या विषाणूंविरुद्ध अधिक प्रतिद्रव्यें तयार झालीं. हा निकाल २०१६ सालचा आहे. वेळ निराळी, पण वेळ आहे, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी. माशीकडून आम्ही घेतों तें एवढेंच. झोंपेच्या बाबतींत तर मनुष्यावरचाच प्रयोग उपलब्ध आहे. अमेरिकेंत १६४ निरोगी माणसांची झोंप मनगटावर बांधलेल्या यंत्रानें आठवडाभर मोजली आणि मग त्यांच्या नाकांत सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. जे सहा तासांहून कमी निजत होते त्यांस सर्दी होण्याचा संभव, सात तासांहून अधिक निजणाऱ्यांच्या मानानें, चौपटीहून अधिक ठरला. हा निकाल २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला. नाकांत सर्वांच्या तेच थेंब. फरक आठवड्याच्या निजण्याचा.

तेव्हां पालकांस आमचें मागणें हें आहे. मुलगा रात्रीं दोनपर्यंत वाचतो याचा अभिमान मिरवूं नका. त्यानें जे तीन तास पुस्तकास दिले ते कोणाच्या तरी ताटांतून काढून दिले आहेत, आणि ज्याच्या ताटांतून काढले तो त्याचा पहारेकरी आहे. मार्च महिन्यांत, ऐन परीक्षेंत, घरोघर तापानें फणफणणारीं मुलें दिसतात, तेव्हां दोष उन्हाला व पाण्याला दिला जातो. ऊन आणि पाणी यांचा वांटा असेलही. पण मागल्या महिन्याच्या जागरणाचा जमाखर्च कोणी मांडीत नाहीं. मूल आजारी असतांना त्याचा अभ्यास बुडेल म्हणून त्याला उशीला टेकवून वही हातीं देणें ही तर निव्वळ निर्दयता आहे. त्या दिवसांत त्याचें निजणें हाच त्याचा अभ्यास. उशापाशीं मोबाइलचा उजेडही नको. सूर्य जसा माशीचें घड्याळ लावतो तसा अवेळचा प्रकाशही तें हालवितो, आणि मनुष्याचें घड्याळही प्रकाशाच्याच आज्ञेंत आहे.

शाळांसही यांत आपला भाग उचलावा लागेल. महाराष्ट्र शासनानें फेब्रुवारी २०२४ मध्यें इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं ९ च्या आधीं भरवूं नयेत असा आदेश काढला, तो मुलांच्या झोंपेचा विचार करूनच. त्यावर बस-गाड्यांची, दोन पाळ्यांची, वर्गखोल्यांची पुष्कळ रड झाली. या अडचणी खऱ्या आहेत. तरी आम्हांस असें वाटतें कीं, चौथीच्या पुढेंही मुलांस शरीर असतें. निदान एकाच आठवड्यांत चार विषयांच्या चाचण्या व तीन वह्या पूर्ण करण्याचा हुकूम सुटूं नये, एवढें शिक्षकांच्या हातीं आहे. कारण असा हुकूम सुटला म्हणजे तो कोणाच्या झोंपेंतून वसूल होतो हें सांगावयास नको.

आणि एक गोष्ट. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांचे आईबाप रात्रीं कामावर असतात. इस्पितळांतील परिचारिका, रेल्वेचे नोकर, पोलीस, कारखान्यांतले कामगार यांना रात्र जागल्याशिवाय गत्यंतर नाहीं. त्यांनीं जागें राहावें म्हणूनच बाकीचें गांव निजूं शकतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००७ मध्यें, आणि पुन्हां २०१९ मध्यें, रात्रपाळीचें काम मनुष्यास बहुधा कर्करोगकारक अशा वर्गांत घातलें आहे. आणि त्याचें एक कारण, माशीनें सांगितलें तेंच, हें आंतल्या घड्याळाचें मोडणें. अशा घरांतल्या मुलांनीं हा लेख वाचून आईवर रागावूं नये. ती सकाळीं आठ वाजतां घरीं येऊन अंथरुणाला पाठ टेकील तेव्हां खिडकीचा पडदा ओढून खोलींत काळोख करावा, दाराची घंटा बंद ठेवावी, आणि दूधवाल्यास आधींच सांगून ठेवावें कीं, हांक न मारतां पिशवी कडीला अडकवून जा.